न उघडलेलं झाकण

१

रॉकेटचं झाकण सापडलं तेव्हा एक शेळी ते चाटत होती.

शेळीच्या मालकाचा त्या झाकणावर वेगळाच डोळा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर म्हणून ते फर्मास बसलं असतं. पण सारीतोबेच्या अवकाशतळाची माणसं जीपमधून उतरली, तेव्हा त्याने सुस्कारा सोडला आणि शेळीला बाजूला केलं. आकाशातून पडलेली वस्तू सरकारची असते, हे स्टेपच्या गवताळ माळावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

ते झाकण चौथ्या बूस्टरच्या टोकाचं होतं. मधल्या रॉकेटला चार बूस्टर चहूबाजूंनी बिलगलेले असतात. दोनेक मिनिटं सगळे मिळून जोर लावतात. मग प्रत्येकाच्या टोकाचं झाकण उघडतं, उरलासुरला वायू फुसकन बाहेर पडतो आणि बूस्टर स्वतःच स्वतःला ढकलत शहाण्या पाहुण्यासारखा वेळेवर निघून जातो. गेल्या महिन्यात तिघे असे गेले. चौथ्याचं झाकण उघडलंच नाही. तो पाहुणा रेंगाळला आणि जाता जाता त्याने यजमानाच्या पोटात गुद्दा मारला. मधलं रॉकेट फुटलं. वर बसलेल्या दोघांना त्यांच्या डब्यासकट बाजूला खेचून नेणारी छोटी रॉकेटं असतात. ती वेळेवर पेटली म्हणून दोघे जिवंत राहिले.

आता झाकण सापडलं होतं, आणि त्याच्या कडेच्या फटीत धातूचा एक चपटा तुकडा घट्ट अडकलेला होता.

"वॉशर," चौकशी समितीचे अध्यक्ष वालेरियन ओसिपोविच म्हणाले. "झाकण नीट बसेना म्हणून कोणीतरी वॉशर हातोडीने ठोकून बसवला. शुद्ध हलगर्जीपणा." दुपारपर्यंत तो कोणीतरी कोण हेही ठरलं. जोडणीच्या शेडमध्ये चौथं झाकण झान्दोस नावाच्या फिटरने बसवलं होतं. संध्याकाळी झान्दोस कोठडीत होता.

येर्मेक साबितोविच तुलेगेनोव समितीच्या टेबलाच्या शेवटच्या खुर्चीत बसले होते. वय अठ्ठावन्न, धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, उजवा गुडघा कामातून गेलेला. समितीत एक तरी कझाक माणूस हवा असा नियम होता, म्हणून ते समितीत होते. एरवी त्यांचं काम सही करण्याचं.

"शुक्रवारी सह्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढचं रॉकेट तयार आहे. वर अवकाशस्थानकात तिघे जण बदलीची वाट बघतायत. कमांडर गेल्या वेळचाच, कोरेनेव. मंत्र्यांनी तारीख जाहीर केलीय."

येर्मेकनी तो तुकडा उचलून खिडकीशी नेला. मधे पांढुरका, कडेला पिवळसर.

दोन धातूंचा वॉशर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

२

कोठडीत झान्दोस अंगावर कोट घेऊन बसला होता. आत गरम व्हायची सोय नव्हती.

"आगाय, तुम्ही मला शिकवलंय," शिक्षकाला मारायची कझाक हाक मारून तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षाला. नापास केलं होतंत."

"आठवतं. तू पोलादाला लोखंडाचा मोठा भाऊ म्हणाला होतास."

"मग एवढं तरी सांगा त्यांना. मी मूर्ख आहे, पण झाकणात हातोडीने वॉशर मारायला मूर्खपणा पुरत नाही. त्याला दारू लागते, आणि शेडमध्ये दारू मिळत नाही."

"झाकण बसवल्यावर तू काय केलंस?"

"सील लागलं. दोन आठवडे शेड बंद. मी गावी गेलो, बहिणीचं लग्न होतं. रॉकेट रुळांवर निघालं तेव्हा मी घोड्याचं मटण वाढत होतो. अख्खा गाव साक्षीला आहे. पण अख्ख्या गावाला विचारतो कोण? आगाय, मी आत जाईन ते जाईन, पण खरी चूक कुठली हे कळलंच नाही, तर ती पुढच्या रॉकेटमध्येही बसलेली असेल. मग कोरेनेव परत त्याच चुकीवर बसणार."

येर्मेकनी खिसे चाचपले. खिशात फक्त एक पेपरमिंटची गोळी होती, ती त्यांनी दिली.

तळावरची तपासनीस किरा वादिमोव्ना जबाबासाठी बाहेरच्या बाकावर थांबली होती. चाळिशीची, ताणलेल्या दोरीसारखी ताठ. रॉकेट शेडमधून तळावर उभं राहिलं, की चारही झाकणांवर लाल कापडी आवरणं चढवायची; उड्डाणाच्या दिवशी इंधन भरण्याआधी ती काढायची. चढवायचं काम फोरमन प्रोखोर इग्नात्येविचचं, काढायचं किराचं. रॉकेटभोवतीच्या मचाणाच्या त्या उंचीच्या फळीवर या दोघांखेरीज कोणी जात नाही.

"तुम्ही काढलंत तेव्हा चौथं झाकण कसं होतं?"

"बंद. व्यवस्थित."

"काही विचित्र दिसलं?"

"काही नाही. आवरण काढलं, उलटं करून बघितलं, रिकामं होतं. घडी घालून खाली आणलं. तो पोरगा निर्दोष असेल तर बरंच आहे, पण मी काय सांगणार? मी फक्त आवरणं काढते."

येर्मेक बाकाकडून निघाले तेव्हा त्यांना वाटलं, बाईंनी आता काहीतरी सांगितलं. काय, ते मात्र गुडघ्याच्या कळेत हरवून गेलं.

३

सव्वा रोमानोविच कोरेनेव इस्पितळात मानेला पट्टा बांधून बसला होता. शेजारी त्याची बायको लिदिया सफरचंद सोलत होती.

"काय झालं ते पुन्हा सांगू? पाठ झालंय मला," सव्वा म्हणाला. "आधी धक्का. कोणी खुर्चीला खालून लाथ घालावी तसा. मग लाल दिवा. मग छातीवर अस्वल. माझ्या पोरीने दिलेलं लोकरीचं बदक समोर दोरीला टांगलेलं असतं, ते उडून माझ्या डोळ्यात गेलं."

"तुम्ही काय केलंत?"

सव्वा हसला, आणि मान दुखल्यामुळे थांबला. "मी कमांडर आहे, येर्मेक साबितोविच. पट्ट्यांनी असा आवळलेला असतो की बटणापर्यंत हात पोचत नाही. म्हणून आम्हाला एक काठी देतात. बटणं दाबायला. ती काठी मी हातात धरली होती. पंधरा वर्षं शिकलो, हजार वेळा सराव केला, आणि खरी वेळ आली तेव्हा काठी धरून बसलो. सगळं आपोआप झालं. मेलो असतो तरी आपोआपच."

"उतरल्यावर?"

"एक उंटवाला आला. आमची लाल सांडणी दिसली का, म्हणाला. नाही म्हटलं. मग इतका वेळ आकाशात काय करत होतात, म्हणाला."

लिदिया हसली नाही. तिच्या गळ्यात साखळीला लांबट, पातळ, अळशीच्या बीसारखा पिवळा पत्रा लोंबत होता. येर्मेकना तो लगेच ओळखू आला. सारीतोबेत रॉकेटची गाडी रुळांवरून निघाली, की गावातली माणसं रुळांवर नाणी ठेवतात. चाकाखाली चपटं झालेलं नाणं शुभ. अंतराळवीराने मात्र ती गाडी बघायची नाही; त्या सकाळी त्याला न्हाव्याकडे पाठवतात.

"पहिल्या उड्डाणाचं का?" त्यांनी निव्वळ बोलायचं म्हणून विचारलं.

"हो."

"आणि या वेळचं?"

सव्वाने छताकडे पाहिलं. लिदियाच्या सुरीखालची सालीची लांब लडी तुटून जमिनीवर पडली.

"सफरचंद घ्या," ती म्हणाली. "गोड आहेत."

४

स्टेशनबाहेर कुल्याश अपायच्या, म्हणजे कुल्याशताईच्या, तंदूरमधला खिम्याचा समसा खाल्ल्याशिवाय येर्मेकना विचार सुचत नसे. खाल्ल्यावरही सुचेल याची खात्री नसे, पण पोट तरी भरत असे.

सुट्टे परत आले त्यात एक नवंकोरं नाणं होतं. मधे पांढरं, कडेला पिवळं.

येर्मेकनी चावायचं थांबवलं.

"हे कधीपासून मिळायला लागलं, अपाय?"

"दळभद्री आहे मेलं. चहाच्या मशीनमध्येसुद्धा जात नाही. रॉकेट रुळांवर निघायच्या आदल्या दिवशी बँकेने पोतं भरून पाठवलं. त्याआधी अख्ख्या गावात एक नव्हतं. नको असेल तर परत द्या, दुसरं देते."

"नको. हेच राहू दे."

ते रेल्वेच्या फाटकाशी गेले. मालगाडी यायची होती. नाणं रुळावर ठेवून ते गुडघ्याच्या निमित्ताने खांबाला टेकले. गाडी धडधडत गेली. रुळाशेजारी एक लांबट, तापलेला, कडा फाटलेला पत्रा पडला होता. मधे पांढुरका, कडेला पिवळसर.

हातोडी धातूला चहूकडे पसरवते; त्याची भाकरी होते. चाक धातूला एकाच दिशेने ओढत नेतं. त्याची अळशी होते. झाकणातला तुकडा अळशी होता.

म्हणजे तो वॉशर नव्हताच. ते नाणं होतं, आणि गावात आलं तेव्हा शेड सील होऊन दोन आठवडे झाले होते. चाकाखाली गेलं ते याच रॉकेटच्या गाडीच्या, कारण शुभाचं नाणं रॉकेटच्याच गाडीखाली ठेवतात. झान्दोस तेव्हा गावी मटण वाढत होता. नाणं झाकणात गेलं ते तळावर, लाल आवरणाखाली.

मग त्यांना किराचं वाक्य आठवलं. उलटं करून बघितलं, रिकामं होतं.

टोपी काढल्यावर टोपीच्या आत कोण बघतं? ज्याला टोपीत काहीतरी असायला हवं हे माहीत असतं, तोच.

५

प्रोखोर इग्नात्येविच लादिगिनने तळावर तीस वर्षं काढली होती. त्याच्या मिशा बर्फाने पांढऱ्या की वयाने, हे हिवाळ्यात कळत नसे. येर्मेक कामगारांच्या चहाच्या खोलीत शिरले, तेव्हा तो आणि किरा एकाच टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता बसले होते.

येर्मेकनी खिशातला पत्रा टेबलावर ठेवला.

प्रोखोरने तो बोटाने उलटा केला. "साबितिच," तो म्हणाला, "तू नुसता सही करणारा माणूस आहेस असं आम्हाला सांगितलं होतं."

"मलाही तेच सांगितलं होतं. बोल."

"यात बोलायचं काय? कमांडरची बायको नाणं मला देते. मी आवरणाखाली ठेवतो. दोन रात्री नाणं रॉकेटपाशी राहतं. मग किरा आवरण काढते, नाणं खिशात घालते, आणि यान कक्षेत पोचलं की बायकोला परत देते. ती ते गळ्यात घालते. माझ्या आधीच्या फोरमननेही हेच केलं, त्याच्या आधीच्यानेही. आजवर कोणाचं काही वाकडं झालं?"

"मग या वेळी का झालं?"

"आवरणामुळे," प्रोखोर घुश्शात म्हणाला. "जुन्या आवरणांना आतून खिसा होता. माझ्या बायकोने, नाद्याने शिवलेला. देव तिला शांती देवो. यंदा वरून नवी आवरणं आली. महागडी, गुळगुळीत. खिसा नाही. खिसा का नाही, असं साहेबांना कसं विचारायचं? मग ग्रीसचा ठिपका लावून आतून चिकटवलं."

"दोन रात्री वारा होता," येर्मेक म्हणाले. "नाणं सुटलं, सरकलं, फटीत गेलं. गारठ्यात तिथेच घट्ट बसलं." ते किराकडे वळले. "आणि तुम्ही आवरण उलटं करून बघितलंत."

"ग्रीसचा डाग होता," किरा म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "नाणं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला कळलं."

"शंका आली. फळीवर शोधलं. खाली पडलं असेल म्हटलं. फटीत वाकून बघितलं, दिसलं नाही."

"मग तोंड उघडून सांगायचं. झाकण उघडून बघा म्हणायचं. एक शब्द, किरा वादिमोव्ना."

प्रोखोर आणि किरा दोघांनीही त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांनी देवघरात जोडे नेले असावेत.

"यान कक्षेत पोचेपर्यंत नाण्याबद्दल बोलायचं नसतं," प्रोखोर म्हणाला. "बोललं की गेलं. हे लहान मुलालाही माहीत आहे."

"मी बोलले असते आणि त्यांना काही झालं असतं तर?" किरा म्हणाली.

"न बोलताही झालंच की."

"हो. पण ते माझ्या बोलण्यामुळे नाही झालं."

 पस्तीस वर्षं येर्मेकनी धातू का तुटतो हे शिकवलं होतं. याला लावायचं सूत्र त्यांच्याकडे नव्हतं.

"मी त्या दिवशी खाली उभी होते," किरा म्हणाली. "रॉकेट चढत होतं आणि माझ्या तोंडात तो शब्द होता. दातांनी धरून ठेवला होता मी. मग वर फुटलं. तेव्हापासून रोज रात्री तो शब्द तोंडात असतो." तिने चहाचा कप पालथा घातला. "पोराला सोडवा. मला घाला आत."

६

अध्यक्ष वालेरियन ओसिपोविच यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"बसा. तर्क सुरेख आहे. आता मला सांगा, मी मंत्र्यांना काय लिहू? या देशाचं अवकाशयान एका बाईच्या नाण्याने पाडलं? आणि दुसऱ्या बाईला ते ठाऊक होतं, पण अपशकुन होईल म्हणून ती बोलली नाही? ते हसतील, आणि मग आपल्या दोघांना कुठेतरी फार थंड जागी पाठवतील."

"त्या दोघांचा हेतू वाईट नव्हता. प्रथा आहे ती."

"तेच तर. फिटरला कोठडीत बसवता येतं. प्रथेला कुठे बसवू? तिला बूड नसतं." अध्यक्षांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर टाकला. किल्ल्यांच्या मधे एक लांबट, पिवळा, अळशीसारखा पत्रा होता. "माझ्या बायकोने दिलाय. पहिल्या नेमणुकीच्या वेळी. फेकू म्हणता?"

येर्मेकनी जुडगा परत त्यांच्याकडे सरकवला.

"असं करू," अध्यक्ष म्हणाले. "वॉशर खोडतो. 'अज्ञात उगमाची धातूची वस्तू' लिहितो. तुमचा विद्यार्थी पुराव्याअभावी सुटेल. नाणी ठेवू नयेत अशी तोंडी सूचना देतो. लेखी नाही, लेखी दिली तर का दिली असं विचारतील."

"आणि त्या आवरणांना खिसा?"

"खिशासाठी मागणीपत्र करावं लागेल. खिसा कशाला हवा ते त्यात लिहावं लागेल." अध्यक्षांनी पेन पुढे केलं. "तारीख तीच आहे, येर्मेक साबितोविच. कोरेनेव जाणार. तुम्ही सही करा की नका करू."

झान्दोसचा कोट येर्मेकना आठवला. त्यांनी सही केली.

७

रॉकेट रुळांवर निघालं त्या सकाळी तोंडी सूचनेची अंमलबजावणी करायला एक शिपाई उभा होता. बायका रुळांपाशी आल्या तेव्हा त्याने सौजन्याने पाठ फिरवली. लिदियाने वाकून नाणं ठेवलं. येर्मेक चार हातांवर होते. पुढे व्हावं, उचलावं, फेकून द्यावं, असं त्यांना वाटलं. पण गेल्या वेळी तिच्या नवऱ्याचा जीव वाचला तोही नाण्यामुळेच, असं आता अर्धं गाव म्हणत होतं. त्यांचे हात खिशात होते. खिशातच राहिले.

उड्डाणाच्या दिवशी बर्फाने सगळं पांढरं होतं. किरा फळीवरून उतरून निरीक्षणाच्या मैदानात आली. येर्मेकनी तिला वाटेतच गाठलं.

"किरा वादिमोव्ना. मिळालं का?"

ती ओठ घट्ट मिटून पुढे गेली. शेजारी झान्दोस उभा होता. त्याने येर्मेकचा दंड धरला. "नका विचारू, आगाय. ती नाही सांगणार."

"मग फोन करून थांबवतो."

"काय सांगून?"

काय सांगून, हे येर्मेकना सुचायच्या आत क्षितिजाशी उजेड पेटला. मग आवाज आला आणि छातीत बसला. रॉकेट उठलं. वर एक माणूस पट्ट्यांनी आवळलेला, हातात काठी धरून बसला होता. खाली शेकडो माणसं होती, आणि त्यांच्याकडे काठीही नव्हती.

आणि तेव्हा, त्या गडगडाटात, किरा वळली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "माझ्याकडे आहे. लिदियाचं नाणं. मी काढलं."

तिने मूठ उघडली. तळहातावर लांबट पत्रा होता, मधे पांढुरका, कडेला पिवळसर.

 प्रोखोरचा चेहरा पिठासारखा झाला. अपशकुन टळावा म्हणून त्याने डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकून घेतलं. कोणी छातीवर क्रूस काढला, कोणी ओंजळ तोंडावरून फिरवली. लिदियाने दोन्ही कान झाकले आणि ती किरापासून मागे मागे सरत गेली.

येर्मेकना आनंद व्हायला हवा होता. झाकण मोकळं होतं. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने होतं. पण प्राध्यापक तुलेगेनोव यांच्या डोक्यात एकच वाक्य होतं: बाई, अजून थोडी थांबायचीस.

ते वर बघत राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग त्या ठिणगीपासून चार ठिपके सुटले, फुलाच्या पाकळ्या उमलाव्यात तसे, चार दिशांना. झान्दोस मोठ्याने रडत होता. मधली ठिणगी एकटी पुढे चढत गेली.

यान कक्षेत पोचल्याची घोषणा झाली तेव्हा प्रोखोरने दिसेल त्याला मिठी मारली. किरा सोडून. लिदियानेही तिच्या हातातून ते नाणं घेतलं नाही. किराने ते येर्मेकच्या तळव्यावर ठेवलं. ते अजून गार होतं.

गावात आता या प्रकरणाबद्दल दुमत नाही. किरा मधेच बोलली तरी यान वाचलं, ते प्रोखोर वेळेवर थुंकला म्हणून. अशी जोखीम पुन्हा नको, म्हणून किराची बदली शेडच्या भांडारात झाली आहे.

बूस्टरांची आवरणं काढायला आता दुसरी बाई आहे. फार चांगली आहे म्हणतात. तोंडातून एक शब्द काढत नाही.